हत्तींसाठी सोडलेली वाट

अमेरिकेतल्या या बॉथेलमध्ये पानगळ आधी दुकानात येते. सप्टेंबर संपत आला की मोठ्या स्टोअरच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात, प्लास्टिकचे सांगाडे लटकायला लागतात आणि आतल्या एका रांगेत शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं टांगलेली दिसतात. या देशात आले त्या वर्षी मला ते रस्त्याचं काम करणाऱ्यांचे कपडे वाटले होते. झाडीत एका शिकाऱ्याने दुसऱ्याला हरीण समजून गोळी घालू नये म्हणून तो रंग असतो, आणि हरणांना तो नीट दिसत नाही, हे नंतर कळलं. माणसांनी माणसांपुरती केलेली ही सोय बघत मी दुधाचा गॅलन हातात धरून तिथे थोडी रेंगाळते आणि मला ओहायोतला एक मोसम आठवतो. यंदा मी दुकानात जायच्या आधीच फोन आला.

"अगं, पक्ष सुरू झाला," ओहायोतल्या डब्लिनहून काकू सांगत होत्या. "आणि ह्या बायांनी पापडीचा वेल पार बोडका केला. एक शेंग ठेवली नाही. तू होतीस तेव्हा निदान हुसकवायचीस तरी."

ह्या बाया म्हणजे मागच्या ओढ्याकाठच्या झाडीतून येणाऱ्या हरणी. मी त्यांना कधीच हुसकवत नसे. काचेच्या दाराआड उभी राहून बघत असे. पण ते काकूंना आत्ता सांगून काय उपयोग होता?

कोलंबसच्या कडेला असलेल्या त्या डब्लिनमध्ये, काका-काकूंच्या बेसमेंटमधल्या खोलीत मी मास्टर्सची वर्षं काढली. काका निवृत्त सर्जन. आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतून मी त्यांच्याकडे राहायला गेले आणि भाड्याचा विषय काढला की काकू ऐकू न आल्यासारखं करत. त्या घरातल्या पानगळीचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओली पानं, शेजाऱ्याने पेटवलेली लाकडं, आणि स्मोक अलार्म वाजू नये म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडकीतून बाहेर निघालेली मोहरी-हिंगाची फोडणी. थंडी आत यायची आणि फोडणी बाहेर जायची. काका म्हणायचे, "सगळ्या नेबरहुडला कळतं, आज आपल्याकडे गवार आहे."

काकांच्या आईचं श्राद्ध काकू दरवर्षी करत. तिथी कुठल्याही वारी येवो, त्या ती जवळच्या शनिवारी सरकवत. "पितरांना माहितीये आपलं वर्क कल्चर," असं त्यांचं म्हणणं. काका निवृत्त झाले तरी वार शनिवारच राहिला. वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असं सगळं इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या फ्रोझन केळीच्या पानावर वाढून काकू ते मागच्या डेकवर ठेवत. ठेवायचं कावळ्यासाठी. कावळे ओहायोतही आहेत, पण त्यांना या कामाची सवय नाही. ते लांबच्या मेपलवर बसून आपापसात भांडत आणि पान निवत राही. मग झाडीतून एक हरीण कान हलवत यायचं, डेकच्या दोन पायऱ्या चढायचं आणि वडे, खीर, शेवटी केळीचं पानसुद्धा खाऊन जायचं. आयुष्यात कधी देवाला हात न जोडलेले काका दारात येऊन म्हणायचे, "आली म्हातारी." त्यानंतरच आम्ही जेवायला बसायचो.

वन्यजीवांचा अभ्यास करायला आलेली मुलगी म्हणून मला माहीत होतं, की हरणाच्या पोटाला उडदाचे वडे चालत नाहीत. एकदा मी तसं पुटपुटलेही होते. काका म्हणाले, "तिला जिवंतपणीही चालत नव्हते. ॲसिडिटी व्हायची. तरी खायची."

त्या वर्षी हरणं फार झाली होती. गाड्यांना धडकत होती, सगळ्यांच्या बागा खात होती. वसाहतीच्या मंडळाने ओढ्याला लागून असलेल्या प्रत्येक घराला विचारलं, की मागच्या झाडीत धनुष्यबाण घेऊन काही शिकाऱ्यांना थोडी हरणं मारू द्यायची का. काकांनी "नाही" कळवलं. त्यांच्या घरामागचा झाडीचा तुकडा वगळला गेला. एवढं सोपं होतं ते. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तसं झालं.

त्या वर्षीच्या श्राद्धाच्या शनिवारी इनोंगे पहिल्यांदा घरी आली.

इनोंगे माझ्या डिपार्टमेंटमधली मैत्रीण. नामिबियाच्या ईशान्येला, एका मोठ्या नदीच्या आणि जंगलाच्या मध्ये तिचं गाव आहे. आमची मैत्री कशी झाली, याचं मला अजून नवल वाटतं. ती खळखळून हसायची, अनोळखी माणसाशीही बसस्टॉपवर बोलत बसायची. तिच्याबरोबर असलं की मला बोलावं लागायचं नाही, हे कदाचित कारण असेल. माझ्यासारखंच तीही काकांना काका म्हणे. ते त्यांचं नावच आहे, असं बरेच दिवस तिला वाटत होतं.

"तिला सांग," काकू मला म्हणाल्या, "आज आपल्याकडे आधी गेलेल्या माणसांना वाढतात."

मी इंग्रजीत सांगितलं. इनोंगेने मान डोलावली. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मग हरीण आलं, आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली.

"तुमची बाग खाते ती हीच ना?" तिने विचारलं.

"हीच मेली," काकू म्हणाल्या.

"मग तिला जेवायला का घालता?"

"अगं, सासू आहे ती. बोलावलं नाही तरी येणार. खाणार, आणि वर नावं ठेवणार."

मी हे भाषांतर करून सांगितल्यावर इनोंगे इतकी मोठ्याने हसली, की हरीण बिचकून खीर अर्धी टाकून पळालं. डोळे पुसत ती म्हणाली, "आमच्याकडे हत्ती येतात. त्यांना एक पान पुरत नाही."

"हत्ती!" काका खुर्चीतून पुढे झाले. "घराजवळ? किती भाग्यवान आहेस गं तू."

इनोंगेने माझ्याकडे पाहिलं. काका चेष्टा करतायत का, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून ठरवायचं होतं. ते चेष्टा करत नव्हते.

मी पुण्यात वाढले. गणपतीच्या सोंडेवरून लहानपणी मीही हात फिरवला आहे. पण खरा हत्ती मी एकदाच जवळून पाहिला, रस्त्यावर, कपाळावर रंगवलेली नक्षी आणि पायात साखळी. त्याने माझ्या डोक्यावर सोंड ठेवली आणि माहुताने आईकडे हात पसरला. त्या सोंडेचा ओला, गवताळ वास मला आवडला होता. हत्तीबद्दलचं माझं सगळं प्रेम त्या वासापासून सुरू होतं आणि नकाशांपाशी येऊन थांबतं. कारण पुढे मी त्यांचे नकाशे केले. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या काही देशांत गावांनी मिळून आपली रानं सांभाळायची, त्यातली थोडी जनावरं सरकारने ठरवलेल्या मर्यादेत परदेशी शिकाऱ्यांना मारू द्यायची आणि त्या पैशातून राखणदार नेमायचे, अशी पद्धत आहे. ती चालते का, रानं खरंच टिकतात का, हे उपग्रहाच्या चित्रांवरून बघायचं, हा माझा प्रबंध होता. हत्तींना जंगलातून नदीवर जायला गावांनी न नांगरता सोडलेल्या वाटा मी शोधत असे. हिरव्या-पिवळ्या शेतांमधून जाणारी तपकिरी रेघ दिसली की ती वाट.

एका दुपारी लॅबमध्ये इनोंगे माझ्या मागे येऊन उभी राहिली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. ती गप्प आहे म्हणूनच मी मान वर केली.

"थोडं डावीकडे घे," ती म्हणाली. "अजून थोडं." मग तिने स्क्रीनवर बोट टेकलं. "हे आमचं शेत. आई आत्ता इथे असेल."

त्या तपकिरी रेघेला लागूनच ते शेत होतं. इतके दिवस मी तिच्या घरावरून जात होते आणि मला माहीत नव्हतं.

त्या वाटेचं काय होणार, याची तिला त्या मोसमात काळजी लागली होती. गावाने ती वाट सोडली होती ती एका समजुतीवर. दरवर्षी येणारा शिकारी, त्याच्याकडून मिळणारा पैसा, त्यातून पगार घेणारे राखणदार, ज्यांत तिचा मोठा भाऊ होता, आणि मारलेल्या हत्तीचं मांस घरोघर वाटलं जाणं. ते शिकारी बहुतेक अमेरिकन. आता अमेरिकेत अशा शिकारीची कातडी, सुळे, मुंडकी आणण्यावर बंदीची चर्चा ठिकठिकाणी चालू होती. घरी काही न्यायलाच मिळणार नसेल तर शिकारी येणार नाही. तो आला नाही तर गाव ती वाट नांगरून मका लावेल. आणि हत्ती? "हत्ती येतीलच," इनोंगे म्हणाली. "त्यांची वाट आहे ती. फक्त मग वाटेत आई असेल."

मका तयार होत आला की तिची आई शेतातल्या मचाणावर झोपते. वय झालं तरी झोपते.

काका त्याच वेळी अशाच एका बंदीच्या मागे लागले होते. ओहायोच्या विधिमंडळात तसं विधेयक आलं होतं आणि समितीपुढे कुणीही जाऊन आपलं म्हणणं मांडू शकत होतं. काकांनी भाषण लिहायला घेतलं. जेवताना आम्हाला वाचून दाखवायचे. "आयुष्यभर मी माणसं वाचवली," अशी सुरुवात होती. मरून पडलेल्या हत्तीच्या अंगावर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा एक फोटो त्यांनी छापून आणला होता. तो काही दिवस डायनिंग टेबलवर पडून होता. मी जेवताना त्याच्यावर नॅपकिन ठेवत असे. काकू दर वेळी तो उचलून घडी करत आणि फोटो पुन्हा उघडा पडे.

"तू सायन्सवाली," काका मला म्हणाले. "दोन वाक्यं बोल. तुझ्या बोलण्याला वजन येईल."

"तू नकाशे दाखव," इनोंगे मला लॅबमध्ये म्हणाली. तीही विधेयकाविरुद्ध बोलणार होती. "तू दाखवलंस तर ते बघतील. मी सांगितलं तर त्यांना ती गोष्ट वाटेल."

माझे नकाशे काय सांगत होते, हे दोघांनाही माहीत होतं. काही गावांत शिकारीच्या पैशावर वाटा टिकल्या होत्या. काही गावांत पैसा वरच्या वर जिरला होता, गावापर्यंत पोचलाच नव्हता, आणि वाटा गेल्या होत्या. काही ठिकाणी नुसत्या पर्यटकांवर भागलं होतं. पण जिथे चांगला रस्ता नाही, डासांचा त्रास आहे, तिथे कॅमेरा घेऊन कोण जाणार? कुणातरी लांबच्या माणसाला एक मोठा जीव मारण्याची हौस आहे, म्हणून एखादं रान उभं राहतं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. आणि माझ्याच चित्रांमधल्या कितीतरी रेघा ते खोटं ठरवू देत नव्हत्या. रात्री गादीवर पडल्यावर मला नॅपकिनखालचा फोटो दिसायचा, आणि मग मचाण.

सुनावणीच्या दिवशी मला गाडी चालवायची होती. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि इनोंगेकडे गाडी नव्हती. म्हणजे समितीपुढे एकमेकांविरुद्ध बोलायला निघालेली दोन माणसं माझ्या गाडीत होती, एक पुढे, एक मागे. काकूंनी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. "दोघांना सारख्या दे," असं बजावलं होतं.

"इनोंगे, टाइम लाव," काका म्हणाले, आणि त्यांनी भाषण सुरू केलं. तिने फोनवर वेळ लावली.

"लांब होतंय, काका," ती मध्येच म्हणाली. "आणि तुम्ही 'भव्य' फार वेळा म्हणता. एखादं काढा."

"का? भव्यच आहेत ते."

"असतील. आमच्याकडे ते म्हणायला कुणाला सवड नसते."

काका हसले. त्यांनी खिशातून पेन काढून खरंच एक 'भव्य' खोडला. मग मागे वळून म्हणाले, "आता तुझं म्हण. मी टाइम लावतो."

"माझं मी तिथेच म्हणेन," इनोंगे म्हणाली, आणि पुरी खात बाहेर बघत राहिली. रस्त्याच्या कडेला मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते. एका पिकअपच्या मागच्या हौद्यातून हरणाचे पाय वर आलेले दिसले. तिघांनीही पाहिले.

स्टेटहाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीतल्या त्या खोलीत जाड गालिचा होता, वर झुंबर होतं, आणि बोलणाऱ्यांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. दाराशी एक बाई बसली होती. तिने मला विचारलं, "बाजूने की विरुद्ध?" मी नुसतीच उभी राहिले, तेव्हा तिनेच मायेने सांगितलं, की तिसराही एक प्रकार असतो, नुसती माहिती द्यायला आलेल्यांचा. मी तो घेतला.

काका सुंदर बोलले. इतक्या वर्षांच्या ऑपरेशन थिएटरने त्यांच्या आवाजात जी शांतता आणली होती, ती त्या खोलीत पसरली. वेदनेला सीमा नसते, असं ते म्हणाले. समितीतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

मग इनोंगे उठली. हातात कागद नव्हता.

"मला शिकारी आवडत नाहीत," तिने सुरुवात केली, आणि काका खुर्चीत ताठ झाले. "मी लहान असताना एक आला होता. त्याने हत्ती मारला, टोपी काढली आणि फोटो काढून घेतला. आम्ही सगळे बादल्या घेऊन उन्हात थांबलो होतो, त्याचा फोटो होईपर्यंत. मला त्याचा राग आला होता. घरी आईने मांस शिजवलं. मी म्हटलं, मला नको. आई म्हणाली, हा माझा मका खाऊन मोठा झालाय. हा माझाच मका आहे, खा." ती थांबली. "तुम्हाला हत्ती मारणं बघवत नाही. मलाही नाही. पण या साहेबांच्या घरामागे हरणं आहेत. त्यांना मारायचं का, हे त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले, तर कुणी मारली नाहीत. मचाणावर झोपून मका राखणाऱ्या माझ्या आईला कुणी विचारलं? इथे विचारतंय? तुम्ही बंदी घाला. पण मग वाट सोडल्याबद्दल तिला दुसरं काय देणार, ते आजच सांगा."

वेळ संपल्याची बारीक घंटी वाजली.

माझी पाळी आल्यावर मी नकाशे दाखवले. कुठे टिकलं, कुठे टिकलं नाही, का टिकलं नाही, असं जमेल तेवढं सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून येत होता. एका सदस्याने चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे थोडक्यात, शिकारीने हत्ती वाचतात की नाही?"

"कोणत्या गावात, सर?" मी विचारलं.

लोक हसले. मी गंमत केली, असं त्यांना वाटलं.

परतताना अंधारून आलं होतं. वायपर चालू होते. मग काका समोर बघत म्हणाले, "चांगलं बोललीस तू, इनोंगे."

"तुम्ही पण. मलाच वाटायला लागलं की तुमचं खरं आहे."

"माझी आईसुद्धा माळ्यावर बसायची," काका म्हणाले. "ज्वारीत. यवतमाळकडे आमचं गाव होतं, तिथे मचाणाला माळा म्हणतात. रानडुकरं यायची, रोही यायचे. रोही म्हणजे घोड्याएवढं हरीण."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. काकांची आई म्हणजे मला डेकवरचं पान एवढंच माहीत होतं.

"मग ती काय करायची?" इनोंगेने विचारलं.

"गोफण होती. डबा वाजवायची. ओरडायची, आवाज बसेपर्यंत."

"आणि तरी आली तर?"

काकांनी काचेवरची वाफ हाताने पुसली. "वडील फासे लावायचे," ते म्हणाले. "सगळंच गाव लावायचं. एकदा रोहीची एक मादी अडकली, पोटुशी होती. आई रडली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर जाऊन बसली." मग म्हणाले, "हे मी तिथे सांगायला हवं होतं का गं?"

इनोंगेने मागून हात पुढे करून डब्यातली उरलेली पुरी त्यांना दिली.

विधेयकावर मतदानच झालं नाही. ते समितीत अडकलं आणि अधिवेशन संपलं. काका जिंकले नाहीत आणि इनोंगेही जिंकली नाही. पण लांबच्या माणसांना कायद्याची वाट बघावी लागत नाही. अशा चर्चा इतक्या ठिकाणी चालू होत्या, की परदेशी शिकाऱ्यांना घेऊन येण्याचा इनोंगेच्या गावाशी करार केलेला कंत्राटदार धास्तावला आणि त्याने तो पुढे चालू ठेवला नाही. हे नेमकं कुणामुळे झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही. राखणदारांचे पगार थांबले. तिचा भाऊ काही महिने तसाच फिरत राहिला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. इनोंगे डिग्री घेऊन घरी परतली. मी इकडे नोकरीला आले, आणि आता मी ज्या कंपनीत आहे, तिथे प्राणी फक्त लोगोवर आहे.

बॉथेलच्या पावसात बसून मी कधीकधी ते चित्र उघडते. कामाचं काही नसतं. तपकिरी रेघ अजून आहे का, एवढंच बघायचं असतं. ढग असले की काही दिसत नाही आणि मला बरं वाटतं.

काकूंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी इनोंगेचा फोन आला. गावाची वार्षिक सभा झाली होती. पैसा नाही, राखणदार नाहीत, मग वाट ठेवायची की नांगरायची, हे ठरवायचं होतं. त्यांच्याकडे हात वर करत नाहीत. एका मोठ्या झाडाखाली दोन बाजू करतात आणि ज्याला जे हवं, तो त्या बाजूला जाऊन उभा राहतो. सगळ्यांना सगळे दिसतात.

"म्हातारे पुढारी वाटेच्या बाजूला गेले," ती म्हणाली. "माझा भाऊ गेला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. अमेरिकेत जाऊन हेच शिकून आलेली ना मी. आई दुसऱ्या, नांगरायच्या बाजूला होती. एकटी नव्हती, खूप बायका होत्या. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती."

मला विचारायची भीती वाटत होती.

"मी आईच्या बाजूला गेले," इनोंगे म्हणाली.

संध्याकाळी मी डब्लिनला फोन लावला. काकांना सांगावंसं वाटलं. काकूंनी स्पीकर चालू केला. मागे भांडी वाजत होती, मग तीही थांबली. मी सगळं सांगितलं.

"मीही तिथेच उभा राहिलो असतो," काका म्हणाले. मग, "आणि तू?"

"मला माहीत नाही, काका."

"हं." त्यांनी घसा साफ केला. "मग सभा संपल्यावर? घरी कशा गेल्या मायलेकी?"

हे विचारणारं दुसरं कुणी मला भेटलं नसतं. मी त्यांना इनोंगेने सांगितलं ते सांगितलं. त्या दोघी त्या वाटेनेच घरी गेल्या, कारण तीच जवळची होती. दोघी बोलत नव्हत्या. अर्ध्या रस्त्यात हत्तीची लीद पडलेली होती. आई वाकली आणि अंगावरच्या कापडात ती गोळा करायला लागली. सुकवून, मिरची घालून तिच्या विटा करतात. शेताच्या कडेला त्या जाळल्या की धुराने हत्ती शेतात येत नाहीत. पलीकडून कापड धरायला इनोंगेही वाकली. लीद अजून गरम होती.